टेकू काढण्याआधी



ज्यांच्या स्मरणार्थ लासुर्ण्यात ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सगळी हयात सेंट्रिंगच्या कामात गेली. अशा माणसाच्या नावाने बोलायचे, तर उंच इमारतींचे आणि लांब पुलांचे गोडवे गाण्यात मला स्वारस्य नाही. ते काम उद्घाटनाच्या दिवशी पुरेसे होते. मी बोलणार आहे ते काँक्रीट भरल्यापासून ते स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतच्या मधल्या काळाबद्दल. तो काळ काही तासांचा असतो, काही दिवसांचा असतो, कधी काही महिन्यांचा. माणसे मरतात ती पुष्कळदा या काळात.

१ ऑगस्ट २०२३ हा दिवस तुम्हांला आठवत असेल. त्या दिवशी पहाट व्हायच्या आत शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र गर्डरसकट खाली आले आणि वीस माणसे गेली. दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर तेच होते. त्याच संध्याकाळी आपल्याच इंदापूर तालुक्यात, म्हसोबाच्या वाडीत, शेतातल्या एका विहिरीचे रिंगचे काम चालू असताना रिंग आणि माती दोन्ही खाली गेली. बेलवाडीचे चार जण आत होते. रात्री ते घरी परतले नाहीत म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा विहिरीकाठी त्यांच्या दुचाकी सापडल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली, पोकलेन लागले, आणि मृतदेह हाती लागायला तीन-चार दिवस गेले.

एकीकडे कोट्यवधींचा महामार्ग, परदेशी बनावटीची यंत्रे, अभियंत्यांची फौज. दुसरीकडे शेतकऱ्याची विहीर, यारी, आणि गावचीच टोळी. मला या दोन अपघातांत फरक कमी आणि साम्य जास्त दिसते. पूल पूर्ण झाला असता तर तो उभाच राहिला असता. विहिरीची रिंग पूर्ण वर्तुळ होऊन, मागे भराव नीट बसून, चांगली पिकली असती तर तिने मातीचा दाब वर्षानुवर्षे घेतला असता. दोन्ही ठिकाणी पडले ते अर्धे काम. नकाशा काढतात तो पुऱ्या झालेल्या वास्तूचा. अर्ध्या वास्तूचा नकाशा क्वचितच कोणी काढतो, आणि त्या अर्ध्या अवस्थेत तिला धरून ठेवणाऱ्या टेकूंची, फळ्यांची, कठड्यांची जबाबदारी नेमकी कोणाच्या नावावर आहे, हे विचारले तर सगळे एकमेकांकडे बघतात. आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा रोख या एकमेकांकडे बघण्यावर आहे.

विहिरीपासूनच सुरू करू, कारण ती आपली आहे. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात पाणी आवर्तनाने येते. आले की साठवायचे आणि उसाला पुरवायचे. त्यामुळे विहिरी नुसत्या खोल राहिल्या नाहीत, रुंदही झाल्या. म्हसोबाच्या वाडीची विहीर शंभर फुटांहून खोल होती. एवढ्या खड्ड्यात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कठीण खडक. खडक स्वतःला सांभाळतो. वरची माती सांभाळत नाही, म्हणून तिला आरसीसीची रिंग. पण रिंग बांधायची, तर आधी ती माती उभी कापावी लागते. म्हणजे जी माती उभी राहणार नाही याची खात्री असल्याने आपण रिंग घालतो, तीच माती रिंग होईपर्यंत उभी राहील असे गृहीत धरतो! आणि सळई बांधायला माणसे उतरतात ती नेमकी त्या उभ्या मातीच्या आणि नव्या काँक्रीटच्या मधल्या फटीत.

गोल रिंग बळकट असते हे खरे. चारी बाजूंनी सारखा दाब आला की वर्तुळातले काँक्रीट फक्त दाबले जाते, आणि दाब सोसणे हा काँक्रीटचा स्वभाव आहे. परंतु यासाठी वर्तुळ पुरे व्हावे लागते आणि दाब सगळीकडून सारखा यावा लागतो. अर्धे वर्तुळ म्हणजे फक्त एक वाकडी भिंत. एका बाजूने पावसाने भिजलेली माती ढासळली, तर ती भिंत ढकलली जाते, आणि काल भरलेल्या काँक्रीटमध्ये तेवढा जोर नसतो. त्यात पाणी. मातीमागे दहा मीटर पाणी उभे राहिले, तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा रेटा येतो. हा हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. रिंगला निचऱ्याची भोके वेळेवर ठेवली नाहीत, तर तो रेटा सगळा नव्या काँक्रीटवर. आणि काठावर काय असते? उपसलेल्या मुरुमाचा ढीग, खडी, यारी, कधी पोकलेनही. ढीग लांब टाकायचा तर वाहतुकीचा खर्च येतो, म्हणून तो काठालाच राहतो.

जमीन उताराने कापा, नाहीतर पायऱ्या-पायऱ्यांनी कापा, नाहीतर आधार देऊन कापा, हे सांगणारी भारतीय मानके आहेत. दीड मीटरपेक्षा खोल चरालाही आधार हवा, असे ती सांगतात. शंभर फुटांच्या विहिरीला पायऱ्यांनी कापायचे म्हटले, तर शेतकऱ्याची निम्मी पट्टी जाते, हे मला कळते. मधला मार्ग आहे: वरचे दहा-पंधरा फूट उताराने कापा, त्याखाली एकेक टप्पा उकरा, त्याची रिंग पुरी करा, पिकू द्या, मगच खालचा टप्पा. वेळ लागतो. आणि भर पावसाळ्यात हे काम काढू नका. उन्हाळ्यात विहीर खोदायला घेतलेली असते, पैसे उशिरा हाती येतात, रिंग आषाढ-श्रावणात येते, हे आपल्या भागाचे ठरलेले वेळापत्रक आहे. ते बदलायला अभियंता लागत नाही.

आता जमिनीवर येऊ. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. काँक्रीट भरते बारा घनमीटरच्या आसपास, घनमीटरला अडीच टन धरले तर तीस टन. कारखान्याकडे निघालेला, दोन ट्रॉल्या भरून ऊस लादलेला ट्रॅक्टर साधारण एवढाच जड असतो. हे वजन तुम्ही एका दुपारी, पातळ अवस्थेत, प्लेटांवर आणि टेकूंवर ओतता. त्या दुपारी स्लॅबला स्वतःची ताकद शून्य असते. सगळे वजन टेकूंचे.

टेकू पडतात कसे, याबद्दल एक गैरसमज आहे. बांबू किंवा जॅक चिरडला जाऊन मोडतो, असे लोकांना वाटते. तो चिरडत नाही. तो बाकतो आणि निसटतो. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने अठराव्या शतकातच हे सूत्र मांडले: टेकूची मोकळी उंची दुप्पट झाली की तो पेलू शकणारा भार चौथाई होतो. दहा फुटांच्या खोलीला जो बांबू सहज पुरतो, तोच वीस फुटांच्या सभामंडपाला जोड देऊन वापरला, तर चौपट कमजोर, जोडाची कमजोरी वेगळीच. आणि अलीकडे गावोगाव काय चालले आहे? मंदिरांचे उंच सभामंडप, बंगल्यांत दोन मजली उंचीचे हॉल, प्रवेशद्वाराच्या कमानी. पिढ्यानपिढ्या दहा फुटांचे सेंट्रिंग करत आलेल्या मिस्त्रीच्या हाताला वीस फुटांचा अंदाज असत नाही, आणि तो नसल्याचे त्याला कोणी सांगितलेले नसते. उलटेही तेच सूत्र सांगते: मध्यावर दोन्ही दिशांनी आडवे बांबू घट्ट बांधले आणि कैच्या मारल्या, तर तोच टेकू चौपट भार घेतो. आडव्या बांबूंचा खर्च किरकोळ. तरी ते गाळले जातात, कारण त्यांच्यामुळे खालून ये-जा करायला अडचण होते!

टेकूच्या बुडाशी काय आहे, हेही बघायचे असते. दोन विटा, एक पाचर, आणि त्याखाली परवाच टाकलेला जोत्याचा भराव. स्लॅब भरताना वरून पाणी गळते, भराव भिजतो, एक टेकू इंचभर खचतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो, तो बाकतो. पुढचे सगळे पाच सेकंदांचे काम. भरावावर लांब फळी टाकून तिच्यावर टेकू उभे केले, तर हे टळते.

त्यात लिफ्ट. मिक्सर-लिफ्टची टोळी कामाच्या ठोक हिशेबाने येते. जितक्या लवकर स्लॅब भरेल, तितक्या लवकर दुसरे गाव. लिफ्टमधून माल पडतो तो एकाच जागी, आणि फावडी पुरी पडत नाहीत म्हणून तिथेच ढीग होतो. दोन फुटांचा ढीग म्हणजे त्या जागेवर स्लॅबच्या पाचपट भार. मला विचाराल, तर स्लॅबच्या दिवशी बाकी काही पाहू नका, ढीग पाहा. आणि प्लेटांखाली माणूस हातोडी घेऊन उभा करण्याची प्रथा बंद करा. टेकू हलतात का, हे बघायला प्लेटेला दोऱ्या बांधून ओळंबे सोडा, खाली खुंटीवर खूण करा, आणि बाहेरून बघा. खूण सरकली की भरणे थांबवा.

पुण्यातल्या बालेवाडीत २९ जुलै २०१६ रोजी एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब भरताना तो कोसळला आणि नऊ कामगार गेले. त्याआधी २०१२ च्या सप्टेंबरात तळजाई पठारावर आणि पुढच्याच महिन्यात वाघोलीत बांधकाम चालू असलेल्या इमारती पडल्या होत्या. येरवड्याला शास्त्रीनगरात ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री तर काँक्रीट पडलेच नव्हते: पायाच्या राफ्टसाठी बांधलेली सळ्यांची भलीमोठी जाळी माणसांवर बसली, आणि बिहारहून आलेले पाच मजूर गेले. वरची जाळी उचलून धरायला ज्या लोखंडी खुर्च्या लागतात, त्या किती, किती जाड, एकमेकींना कशा बांधायच्या, हे नकाशावर काढावे लागते. आपल्याकडे त्या उरलेल्या तुकड्यांतून वाकवल्या जातात. इथे इंदापूर तालुक्यातच, अकोले येथे नीरा-भीमा जोडबोगद्याच्या कामावर २० नोव्हेंबर २०१७ रोजी पाळी संपवून वर येणाऱ्या कामगारांच्या क्रेनचा दोर तुटला आणि आठ जण गेले. दोर, खुर्ची, टेकू. पुऱ्या झालेल्या कामात यांतले एकही दिसत नाही, म्हणून त्यावर खर्चही दिसत नाही.

पुढचा प्रश्न सगळ्यांत जास्त भांडणाचा: प्लेटा कधी काढायच्या?

भारतीय मानक ४५६ यात स्पष्ट आहे. साध्या सिमेंटचे काँक्रीट, तापमान पंधरा अंशांच्या खाली जात नाही असे हवामान, आणि पुरेसे पाणी मारलेले, हे गृहीत धरून: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून लांब स्लॅबचे चौदा, सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे चौदा, त्याहून लांब तुळईचे एकवीस. लोक यातला ‘सात’ तेवढा पाठ करतात. मात्र आज दुकानात मिळणारे सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले. ते शेवटी चांगली ताकद घेते, पण सुरुवातीला संथ असते. त्यात पौष-माघातली आपल्याकडची रात्र. थंडीत काँक्रीट झोपा काढते, असे जुने मिस्त्री म्हणत. ते बरोबर होते. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारायचे, राख मिसळलेल्याला दहा, हेही त्याच मानकात आहे. आळी करून पाणी भरून ठेवणे उत्तम. सकाळी पाइप फिरवून दुपारी स्लॅब कोरडा पडू देणे म्हणजे पाणी मारल्याचे नाटक.

थंडीचे महत्त्व जगाला कळले ते फार मोठी किंमत देऊन. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड येथे वीज केंद्राचा शीतक मनोरा बांधत होते. मनोऱ्याच्या भिंतीवर काम करायची परांची खालच्या काँक्रीटलाच बोल्टांनी धरलेली, जसजशी भिंत चढेल तसतशी तीही वर सरकायची. २७ एप्रिल १९७८ रोजी सकाळी ती ज्या काँक्रीटला धरून होती, ते आदल्याच दिवशी भरलेले होते आणि रात्र थंड गेली होती. काँक्रीट सुटले, परांची मनोऱ्याभोवती गोल फिरत सोलली गेली, ५१ कामगार मेले. त्याआधी पाच वर्षे, मार्च १९७३ मध्ये, शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात बेलीज क्रॉसरोड्स येथे उंच इमारतीच्या तेविसाव्या मजल्यावर टेकू वेळेआधी काढले गेले. वरून खाली सगळे मजले एकावर एक कोसळत गेले आणि चौदा जण गेले. त्या देशात चौकशा झाल्या, नियम बदलले. आपल्याकडे गुन्हा दाखल होतो, मुकादमाला अटक होते, आणि पुढच्या गावात तेच जॅक उभे राहतात.

लवकर प्लेटा काढण्यामागे मूर्खपणा नसतो, अर्थशास्त्र असते. प्लेटा आणि जॅक भाड्याचे. सेंट्रिंगवाल्याकडे एकच संच, आणि कामे तीन. मालकाला भाडे वाचवायचे, ठेकेदाराला पुढचे काम धरायचे, मजुराला रोज हवा. चौघांचाही फायदा प्लेटा लवकर निघण्यात आहे, तोटा कोणाचाच लगेच दिसत नाही. अशा वेळी नुसत्या उपदेशाने काही होत नाही. भाड्याचा करार दिवसांवर न करता स्लॅबवर करा. वीस दिवस प्लेटा राहिल्या तरी भाडे तेच. ही गोष्ट ठरवणे गावाच्या हातात आहे.

काढण्याचा क्रमही असतो. दोन्ही बाजूंना टेकलेल्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून भिंतींकडे काढायचे. सज्जा किंवा पोर्च, जो एकाच बाजूला धरलेला आहे, त्याचे टेकू बाहेरच्या टोकाकडून आत काढायचे. उलटे केले, तर सज्ज्याला जो ताण कधीच यायला नको, तो येतो. सज्ज्याच्या बाबतीत आणखी एक दगा आहे. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. काँक्रीट भरताना बिगारी तीवर चालतात, ती दबून तळाला जाते, वरून सगळे ठाकठीक दिसते, आणि प्लेट काढताना सज्जा काढणाऱ्याच्याच डोक्यावर येतो. कव्हर ब्लॉक आणि खुर्च्या यांचा खर्च काही शेकड्यांत असतो. सळईवरून चालायला फळ्या टाकल्या, तर ती दबतही नाही.

पाण्याबद्दल दोन वाक्ये. पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी, आणि त्यात वाळूतला ओलावा धरलेला. दहा लिटर जास्त ओतले की ताकद तिसऱ्या हिश्शाने तरी जाते. माल सरकतो छान, टोळी खूश, आणि सातव्या दिवशी तुम्ही ज्या ताकदीवर टेकू काढता, ती तिथे नसते.

मग ती ताकद आहे की नाही, हे कळायचे कसे? क्यूब. दीडशे मिलिमीटरचे साचे, त्याच मिक्सरमधला माल. पाण्यात ठेवलेला क्यूब माल कसा होता ते सांगतो. तुमचा स्लॅब कसा आहे ते सांगत नाही, कारण स्लॅबला ती लाडाची वागणूक मिळालेली नसते. म्हणून दोन-तीन क्यूब स्लॅबच्या शेजारी, त्याच उन्हात, त्याच थंडीत ठेवायचे आणि टेकू काढण्याआधी ते दाबून बघायचे. बारामती-इंदापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दाबून बघण्याचे यंत्र शोधायला लांब जावे लागणार नाही. तीन बंगल्यांनी मिळून साचे घेतले, तरी गावाला पुरतील.

कायद्याचे म्हणाल, तर १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा होता, त्यातून कामगारांचे कल्याणकारी मंडळ झाले, उपकर आला, पेट्या आणि भांडी वाटली गेली. पण तो कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामांना होता. दहा लाखांच्या आतले स्वतःचे घर त्यातून वगळलेले होते. चौघांची विहिरीची टोळी या जाळीतून सहज गळायची. शेताच्या बांधावर तपासनीस येईल, ही वाट कोणी बघू नये.

म्हणून माझी मागणी कायद्याकडे नाही, तुमच्याकडे आहे, आणि ती लहान आहे. इथून पालखी मार्गाचे चौपदरीकरण गेले, उद्या आणखी पूल, आणखी सभामंडप होतील. प्रत्येक स्लॅबच्या दिवशी खांबावर रंगाने तीन गोष्टी लिहा: काँक्रीट भरल्याची तारीख, टेकू काढायची तारीख, आणि टेकू काढायला परवानगी देणाऱ्या एका माणसाचे नाव. विहिरीला आत उतरण्याआधी काठावर तसाच फळा: आज वरची माती कोणी तपासली, किती वाजता. नाव लिहिले की माणूस दुसऱ्यांदा जाऊन बघतो. मालकाला हे आवडणार नाही, ठेकेदार म्हणेल सही मी का करू, मिस्त्री म्हणेल मला लिहिता येत नाही. लिहिता येत नसेल, तर अंगठा चालेल, पण तो त्याचाच हवा. पुढच्या आठवड्यात या मंडपामागे शाळेच्या दोन खोल्यांचा स्लॅब आहे, असे मला आत्ताच कळले. त्याच्या टेकूंना आडवे बांबू अजून लागलेले नाहीत; येताना मी पाहिले. प्रश्नोत्तरे आपण तिथेच, टेकूंजवळ उभे राहून घेऊ.